घाटात गाडी का ओढत नाही?
बोरघाट आणि इंजिनाच्या शक्तीची परीक्षा

मुंबई-पुणे जुन्या रस्त्याने गाडी चालवणाऱ्यांच्या तोंडी एक तक्रार पिढ्यान्‌पिढ्या आहे : ‘सपाटीला गाडी छान पळते, पण घाटात ओढत नाही.’ खोपोली सोडली, शिंग्रोबाच्या देवळाकडे चढण सुरू झाली, की तिसऱ्या गिअरवरून दुसऱ्यावर यावे लागते, काटा खाली येतो, मागचा ट्रक हॉर्न वाजवू लागतो. लोणावळ्यापर्यंत गाडी कशीबशी पोहोचते आणि मग चालक निष्कर्ष काढतो, ‘गाडी आता म्हातारी झाली.’

‘अंगात कणकण आहे’ ही जशी रुग्णाची तक्रार असते, आजाराचे नाव नसते, तसेच ‘ओढत नाही’ या शब्दांचे आहे. तक्रारीपासून निदानापर्यंत जाण्याचा मार्ग प्रश्न विचारण्याचा आणि मोजण्याचा आहे. बोरघाटात हा मार्ग मोटारी येण्याच्या कितीतरी आधी तयार होऊ लागला होता. तो इतिहास समजून घेतला तर जुन्या गाडीचे दुखणे शोधणे सोपे जाते, आणि शाळेतल्या ‘कार्य, ऊर्जा, शक्ती’ या पाठाला एक जिवंत उदाहरण मिळते.

वाफेच्या इंजिनापुढचे तीन प्रश्न

कोकण आणि मावळ यांना जोडणाऱ्या या वाटेवर पूर्वी ओझ्याचे बैल आणि हमाल चालत. १८३० साली, माल्कम मुंबईचे गव्हर्नर असताना, चाकाच्या गाड्या जाऊ शकतील असा रस्ता येथे खुला झाला. पुढे ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने लोहमार्ग घाटावर नेण्याचे ठरवले. मुख्य अभियंता जेम्स बर्कले यांच्या आराखड्याप्रमाणे १८५६ साली काम सुरू झाले आणि १८६३ साली पुरे झाले. सुमारे २५ किलोमीटर लांबीत हा मार्ग ५५८ मीटर उंची चढतो. त्यासाठी २५ बोगदे खोदावे लागले. हजारो मजूर येथे राबले आणि त्यांपैकी कितीतरी जण साथींना व अपघातांना बळी पडले. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली येथे आल्यानंतर थोड्याच दिवसांत वारले, आणि कंत्राट त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस ट्रेडवेल यांनी पुढे चालवले.

या मार्गावरचा सर्वांत तीव्र चढ ३७ ला १, म्हणजे ३७ मीटर पुढे गेल्यावर १ मीटर वर. रस्त्यावरच्या माणसाला हा चढ किरकोळ वाटेल. पण लोखंडी रुळावर लोखंडी चाक सहज घरंगळते. सपाटीवर एक टन वजनाचा डबा ओढायला फार थोडे बल पुरते. ३७ ला १ चढावर मात्र केवळ गुरुत्वाकर्षणापोटी प्रत्येक टनामागे सुमारे २६५ न्यूटन बल जास्तीचे लागते. सपाटीवर रुबाबात धावणारी गाडी येथे थांबायला टेकत असे.

गाडी चढत नसेल तर का चढत नाही, याची त्या काळच्या लोकांना तीन उत्तरे सापडली. पहिले, गाडीचे ओझेच जास्त आहे. यावर उपाय म्हणजे डबे कमी करणे किंवा मागून आणखी इंजिन लावणे. कर्जतला मागे जोडइंजिने लावण्याची पद्धत आजही घाटाच्या प्रवाशांना परिचित आहे. दुसरे, वाफच पुरेशी तयार होत नाही. मग दोष आगीत, कोळशात, पाण्यात किंवा बॉयलरमध्ये शोधायचा. तिसरे उत्तर सर्वांत मजेशीर आहे. वाफ भरपूर आहे, ओझेही नेहमीचेच आहे, पण चाके रुळावर जागच्या जागी फिरताहेत. पावसाळ्यात ओल्या रुळांवर असे हमखास होई. म्हणून इंजिनावर वाळूची पेटी असे, आणि चाकापुढे वाळू सोडली की पकड येई. शक्ती होती, पण ती रुळापर्यंत पोहोचत नव्हती.

मागणी, निर्मिती आणि पोहोच. वाफेच्या इंजिनापासून आजच्या मोटारीपर्यंत ‘ओढत नाही’ या तक्रारीच्या एवढ्याच तीन शाखा आहेत. त्यांपैकी कोणत्या शाखेवर जायचे हे ठरण्याआधी पान्हा हातात घेतला, की पैसे आणि वेळ दोन्ही वाया जातात.

१९२९-३० मध्ये कल्याण-पुणे मार्गाचे विद्युतीकरण झाले आणि १ जून १९३० रोजी डेक्कन क्वीन धावू लागली. विजेच्या इंजिनाने यातील एक शाखा जवळजवळ कापून टाकली. शक्तीची निर्मिती दूरच्या वीजकेंद्रात होऊ लागली. इंजिनाला आग नको, पाणी नको आणि ज्वलनासाठी हवाही नको. मोटारीला मात्र ही सवलत मिळाली नाही. तिला आपली शक्ती आपल्याच पोटात, बॉनेटखाली, तयार करत घाट चढावा लागला.

एकच डबा, दोन इंजिने

स्वातंत्र्यानंतरच्या चार दशकांत या रस्त्यावर मुख्यतः दोन प्रकारच्या मोटारी दिसत : कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली फियाट, जिचे पुढे ‘पद्मिनी’ असे नामकरण झाले, आणि बंगालमधल्या उत्तरपाडा येथे बनणारी हिंदुस्थान मोटर्सची अ‍ॅम्बॅसेडर. फियाटचे इंजिन १०८९ घनसेंटिमीटरचे, तर अ‍ॅम्बॅसेडरचे १४८९ घनसेंटिमीटरचे होते. चार माणसे, टपावर सामान आणि मे महिन्याची दुपार अशा स्थितीत दोघींचीही घाटात परीक्षा होई.

१९८४ साली हिंदुस्थान मोटर्सने ब्रिटनमधल्या व्हॉक्सहॉल गाडीच्या आराखड्यावरून ‘कॉन्टेसा’ आणली. लांबरुंद, दिमाखदार गाडी. पण सुरुवातीला तिच्यात अ‍ॅम्बॅसेडरचेच १४८९ घनसेंटिमीटरचे, सुमारे ५० अश्वशक्तीचे इंजिन होते. काही वर्षांतच तिला इसुझु कंपनीच्या आराखड्याचे १.८ लिटरचे, सुमारे ८८ अश्वशक्तीचे इंजिन मिळाले आणि ती देशातल्या वेगवान गाड्यांत गणली जाऊ लागली. बाहेरचा डबा तोच, आतले इंजिन निराळे. पहिली कॉन्टेसा घाटात रेंगाळली तर तो बिघाड नव्हता, मूळ जमाखर्चच तसा होता. दुसरी रेंगाळू लागली तर मात्र काहीतरी हरवले आहे असे समजायला हवे. निदानाचा पहिला धडा हाच : गाडीत शक्ती कधी होती काय, आणि होती तर किती, हे आधी माहीत हवे.

घाट हाच तराजू

इंजिनाची शक्ती मोजण्याचे यंत्र कार्यशाळेत असते. पण ज्याच्याजवळ घड्याळ आहे त्याला बोरघाट हे काम फुकटात करून देतो. कसे ते पाहू.

गाडीचे वजन १२०० किलोग्रॅम आणि माणसे व सामान ३०० किलोग्रॅम धरू. म्हणजे एकूण १५०० किलोग्रॅम. ठोकळमानाने चढायची उंची ५०० मीटर धरू. गुरुत्वाकर्षणाविरुद्ध करायचे कार्य १५०० × ९.८ × ५००, म्हणजे सुमारे ७३.५ लाख ज्यूल. वीजबिलाच्या भाषेत हे जेमतेम दोन युनिट होतात. पेट्रोलच्या भाषेत, इंजिन इंधनातली पाव ऊर्जा कामी आणते असे धरले, तर केवळ उंची गाठण्याचा खर्च एक लिटरच्या आत येतो.

याच्या उलटचा व्यवहार शेजारीच चालतो. लोणावळा, वळवण आणि शिरवटा तलावांचे पाणी नळांतून खाली खोपोलीला आणून तेथे १९१५ सालापासून टाटांचे वीजकेंद्र चालते. दीड हजार लिटर पाणी ५०० मीटर खाली उतरताना जेवढी ऊर्जा देते, नेमकी तेवढीच ऊर्जा आपली गाडी तेवढे चढताना खर्च करते. ऊर्जा अक्षय्यतेचे याहून चांगले उदाहरण मावळातल्या विद्यार्थ्यांना शोधूनही सापडणार नाही.

आता शक्ती. हे कार्य १५ मिनिटांत केले तर सरासरी ८ किलोवॅटच्या थोडी वर, म्हणजे सुमारे ११ अश्वशक्ती लागते. ५० अश्वशक्तीच्या गाडीला एवढे जड का जावे? कारण चढ सर्वत्र सारखा नसतो. एखाद्या तीव्र वळणानंतर १२ ला १ असा चढ आहे आणि तेथे ताशी ५० किलोमीटर वेग राखायचा आहे असे समजा. केवळ चढासाठी १७ किलोवॅट, टायरच्या घर्षणापोटी सुमारे ३ आणि हवेच्या विरोधापोटी सव्वा, असे मिळून २१ किलोवॅटच्या वर, म्हणजे सुमारे २९ अश्वशक्ती चाकांपाशी पोहोचायला हवी. गिअरपेटी आणि मागचा आस आपला वाटा आधीच काढून घेतात. शिवाय छापलेली ५० अश्वशक्ती इंजिन खूप वेगाने फिरते तेव्हाच मिळते, आणि चालक सहसा तितक्या फेऱ्या गाठत नाही. म्हणजे हाताशी शिल्लक फार थोडी उरते. सपाटीला ती शिल्लक लागतच नाही, म्हणून तेथे दोष लपतो. घाट दोष निर्माण करत नाही, झाकलेला दोष उघडा करतो.

आता याच ठिकाणी, तेवढ्याच ओझ्याने, गाडी ताशी ५० ऐवजी ३५ किलोमीटरने दुसऱ्या गिअरमध्ये चढते आहे असे समजा. गिअर बदलल्यामुळे इंजिनाच्या फेऱ्या जवळपास पूर्वीइतक्याच राहतात. हिशेब केला तर चाकांपाशी सुमारे १९ अश्वशक्ती येते. २९ च्या जागी १९, म्हणजे एक तृतीयांश शक्ती गेली. या आकड्याचे मोल फार आहे. कोणते संशयित एवढी मोठी चोरी करू शकतात आणि कोणते करू शकत नाहीत, हे तो लगेच सांगतो. एअर फिल्टरवर थोडी धूळ बसली म्हणून तृतीयांश शक्ती जात नाही.

विरळ हवेचा आळ

पहिला आळ नेहमी हवेवर येतो. ‘वर हवा विरळ, म्हणून गाडी ओढत नाही.’ यात तथ्य आहे, पण ते मोजून पाहावे. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटर उंच आहे. तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या मानाने सुमारे सात टक्के कमी असतो. वर थोडी थंडीही असते, त्यामुळे घनता सहा टक्क्यांच्या आसपास घटते. सिलिंडरमध्ये येणारा प्राणवायू त्याच प्रमाणात घटतो आणि शक्तीही साधारण तेवढीच कमी होते. म्हणजे ५० अश्वशक्तीतली तीन.

पण घनता तापमानावरही अवलंबून असते. मे महिन्यातल्या दुपारी खोपोलीला ४० अंश आणि डिसेंबरच्या पहाटे लोणावळ्यात १२ अंश तापमान आहे असे धरून वायूंच्या नियमाने गणित करा. लोणावळ्यातली पहाटेची हवा खोपोलीच्या दुपारच्या हवेपेक्षा दोन-तीन टक्के अधिक घन निघते! उंचीला दोष देणाऱ्या चालकाने उन्हाकडेही पाहायला हवे. बॉनेटखालची तापलेली हवा कार्बोरेटरमध्ये जात असेल तर नुकसान आणखी वाढते.

उंचीचा एक परिणाम मात्र मेकॅनिकलाच फसवतो. इंजिन रिकामे चालत असताना आत येणाऱ्या हवेच्या नळीत किती निर्वात आहे, हे एका मापकावर पाहतात. निरोगी इंजिनात समुद्रसपाटीला काटा पाऱ्याच्या १८ ते २० इंचांवर स्थिर राहतो. दर ३०० मीटर उंचीला तो सुमारे एक इंच खाली येतो. म्हणजे लोणावळ्यात आणि पुण्यातही तो १६ ते १८ वर दिसणे अगदी स्वाभाविक आहे. समुद्रसपाटीसाठी छापलेल्या पुस्तिकेतला आकडा प्रमाण मानून येथे निरोगी इंजिन उघडले जाऊ शकते. मोजमाप खरे असते, तुलना चुकीची असते.

तीन शाखांवरचा शोध

आता पुन्हा रेल्वेच्या तीन प्रश्नांकडे येऊ.

मागणी : एखाद्या चाकाचा ब्रेक सुटत नसेल तर गाडी सतत ओझे ओढत असते. सपाट, रिकाम्या रस्त्यावर ठरावीक वेगाला गाडी न्यूट्रलमध्ये टाकून ती किती अंतर घरंगळते हे पाहावे. लवकर थांबली, आणि नंतर एखाद्या चाकाची बशी इतरांपेक्षा जास्त तापलेली लागली, की चोर सापडला. टायरमधली कमी हवाही याच शाखेत येते.

पोहोच : इंजिनाचा आवाज चढतो, फेऱ्या वाढतात, पण वेग वाढत नाही, आणि करपट वास येतो. क्लच घसरतो आहे. ओल्या रुळावरच्या चाकाचा हा सख्खा भाऊ. येथे वाळू चालत नाही, क्लचप्लेट बदलावी लागते.

निर्मिती : ही शाखा सर्वांत मोठी. पेट्रोल इंजिनाला चार गोष्टी हव्यात : योग्य मिश्रण, ते दाबून धरणारे सिलिंडर, नेमक्या क्षणी ठिणगी आणि जळलेला वायू बाहेर पडायला मोकळी वाट. प्रत्येकीची चाचणी वेगळी आहे. सायलेन्सर आतून तुंबला असेल, तर फेऱ्या वाढवून स्थिर धरल्यावर निर्वातमापकाचा काटा हळूहळू खाली सरकत राहतो. ठिणगीचा दोष घाटात आणि पावसाळ्यात अधिक दिसतो. त्याचे कारण भौतिकशास्त्रात आहे. चढावर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की सिलिंडरमध्ये जास्त मिश्रण शिरते आणि दाब वाढतो. जास्त दाबाच्या वायूतून ठिणगी पाडायला जास्त व्होल्टता लागते. डिस्ट्रिब्युटरच्या झाकणाला बारीक चीर असेल आणि त्यावर लोणावळ्याच्या धुक्याची ओल बसली असेल, तर वीज प्लगमध्ये उडी मारण्याऐवजी चिरेतून पळून जाते. गाडी ‘मिसिंग’ करू लागते. सपाटीला मात्र तिला काही होत नाही.

मिश्रणाचा प्रसिद्ध घाटी आजार म्हणजे पेट्रोलची वाफ होणे. कार्बोरेटरच्या जुन्या गाड्यांत पेट्रोल ओढणारा पंप इंजिनालाच चिकटलेला असे. घाटात वेग कमी, म्हणून वारा कमी, आणि इंजिनावर भार जास्त, म्हणून उष्णता जास्त. पेट्रोल हे अनेक घटकांचे मिश्रण आहे, आणि त्यातले हलके घटक चाळीस अंशांच्या आसपासच उकळू लागतात. पंप ओढतो तेव्हा नळीतला दाब आणखी घटतो. मग पंपात द्रवाऐवजी वाफ येते. रस्त्याकडेला बॉनेट उघडून पंपावर ओले फडके टाकणारे फियाटवाले अनेकांनी पाहिले असतील. ते फडके म्हणजे बाष्पीभवनाच्या सुप्त उष्णतेचा उत्तम प्रयोग होता, आणि निदानाची चाचणीही. फडक्याने गाडी सुधारली तर रोग वाफेचा, नाही सुधारली तर दुसरीकडे पाहा.

आवाज बंद झाल्याची खूण

आमच्या परिचयातल्या एका कुटुंबाकडे १९८० च्या दशकातली, एकेकाळी वेगासाठी मिरवलेली एक गाडी होती. वर सांगितल्याप्रमाणे तिची तृतीयांश शक्ती घाटात हरवे. मालकांनी कार्बोरेटर बदलला, कॉइल बदलली, आणि शेवटी एका गॅरेजने ‘इंजिनाचे काम काढा, रिंगा गेल्या’ असा निर्णय दिला. तो खर्च गाडीच्या किमतीच्या घरात जाणारा होता. त्याआधी एकदा नीट मोजून पाहावे असे आम्ही सर्वांनी मिळून ठरवले.

ब्रेक मोकळे होते, क्लच घसरत नव्हता, ओल्या फडक्याने काही फरक पडला नाही. म्हणजे संशय सिलिंडरवर आला. सकाळी थंड इंजिनाचा दाब पाहिला तर चारही सिलिंडरांत दर चौरस इंचाला १३५ पौंडांच्या आसपास आकडा आला. पुस्तिकेत १५० होते. उंचीपोटी दहा पौंड वजा केले की हे आकडे जुन्या इंजिनाला शोभणारेच होते. मग गाडी पूर्ण भाराने घाट चढवून खंडाळ्याला रस्त्यापासून आत सुरक्षित जागी थांबवली आणि इंजिन गरम असतानाच दाब पुन्हा मोजला. पहिला आणि चौथा सिलिंडर तसेच होते. मधले दोन शंभराच्या आसपास घसरले होते.

शेजारचे दोन सिलिंडर एकदम उतरले तर मधले गॅस्केट फुटल्याची शंका घ्यावी लागते. पण ते थंडीतही गळले असते. रिंगांची शंका तपासायला प्लगच्या भोकातून चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजतात. रिंगा झिजल्या असतील तर तेल फट बुजवते आणि आकडा वर येतो. येथे तो हलला नाही. उरल्या झडपा. टॅपेटची फट पाहिली तर मधल्या दोन सिलिंडरांच्या निकास झडपांना ती जवळजवळ नव्हतीच.

येथे मालकांनी सहज सांगितलेली एक गोष्ट आठवावी. पूर्वी टॅपेटची टकटक ऐकू येई, ती वर्षभरात आपोआप बंद झाली होती, आणि त्यांना ती चांगली खूण वाटत होती. वास्तविक उलटे होते. निकास झडपेची बैठक झिजल्यामुळे झडप वर सरकत गेली आणि फट संपली, म्हणून आवाज गेला. घाटात झडप तापून लांब झाली की ती पूर्ण मिटेना. मग दाब गळे, गरम वायू फटीतून जाई आणि झडप अधिकच तापे. थंड झाल्यावर सारे पूर्ववत. म्हणून सपाटीवरच्या गॅरेजात हा दोष दिसला नव्हता. फट पुन्हा ठरवून गाडी त्याच चढावर नेली तेव्हा गरम इंजिनाचा दाब भरून आला आणि वेगही परतला. निदान सिद्ध झाले. पुढे हेडमध्ये कठीण पोलादाच्या बैठका बसवून कायमचा उपाय झाला. रिंगांना कोणी हात लावला नाही.

शिशाचे ऋण

पण बैठक झिजली कशाने? याचे उत्तर इंजिनाच्या नव्हे, इंधनाच्या इतिहासात आहे. १९२१ साली अमेरिकेत जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत टॉमस मिजली यांना असे आढळले, की टेट्राएथिल लेड हे शिशाचे संयुग पेट्रोलमध्ये थोडे मिसळले की इंजिनाची ‘ठोके मारण्याची’ खोड जाते. त्यामुळे मिश्रण अधिक दाबता येऊ लागले आणि इंजिने अधिक शक्तिमान झाली. शिशाचा आणखी एक, न मागितलेला उपयोग होता. ज्वलनातून तयार होणाऱ्या त्याच्या संयुगांचा पातळ थर निकास झडपेच्या बैठकीवर बसे आणि धातू धातूला चिकटून झिजण्याचे टळे. त्या भरवशावर कित्येक कारखान्यांनी बैठका हेडच्या साध्या बिडातच कापल्या.

हेच शिसे धुरातून हवेत, मातीत आणि मुलांच्या रक्तात जात होते. मुलांच्या बुद्धीवर त्याचा होणारा परिणाम सिद्ध झाल्यावर ते काढून टाकण्याशिवाय मार्ग नव्हता. भारतात १९९५ पासून मोठ्या शहरांत शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले आणि २००० सालाच्या फेब्रुवारीपासून देशभर शिसे बंद झाले. जगातला शेवटचा देश, अल्जीरिया, २०२१ साली थांबला. हा निर्णय सर्वथा योग्य होता. पण जुन्या गाड्यांच्या झडपांचे छत्र त्यामुळे गेले. हलके चालणाऱ्या गाडीला त्याचा त्रास फारसा होत नाही. दीर्घ काळ पूर्ण भाराने तापणाऱ्या इंजिनाला होतो, म्हणजे नेमका घाटात.

हा इतिहास संपलेला नाही. २०२३ साली देशातल्या निवडक पंपांवर वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल आले आणि २०२५ पर्यंत हे प्रमाण देशभर पोहोचले. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या दोन तृतीयांश ऊर्जा असते. त्यामुळे अशा मिश्रणात लिटरमागे सुमारे सात टक्के ऊर्जा कमी मिळते. नव्या गाडीचा संगणक धुरातला प्राणवायू मोजून इंधन वाढवतो. जुन्या कार्बोरेटरचे भोक तेवढेच राहते, आणि मिश्रणात इंधनाचा वाटा कमी पडतो. शिवाय जुन्या रबरी नळ्या इथेनॉलने मऊ पडून त्यांचे कण जेटमध्ये अडकू शकतात. जुनी गाडी अलीकडे ओढेनाशी झाली असेल तर ‘गाडीत काय बदलले’ याबरोबरच ‘टाकीत काय बदलले’ हेही विचारायला हवे.

आजच्या गाडीला यंत्र जोडले की दोषाचा क्रमांक पडद्यावर येतो. ही मोठी सोय आहे. पण क्रमांक हीसुद्धा तक्रारच असते. ‘सिलिंडर तीनमध्ये ज्वलन नीट नाही’ एवढे यंत्र सांगते. ठिणगी, इंधन की झडप, हे शोधण्यासाठी पुन्हा तोच रस्ता धरावा लागतो. खोपोली-लोणावळ्याच्या जुन्या गॅरेजांतून फडके, चमचाभर तेल आणि कानाने ऐकलेली टकटक यांच्या आधाराने ही विचारपद्धती चालत आली. ती कोणी लिहून ठेवली नाही आणि ते कारागीर आता थकत चालले आहेत. गावात असा कोणी असेल तर शिक्षकांनी त्याला एकदा वर्गात जरूर बोलवावे.

सोबत एक प्रयोगही करता येईल. शाळेच्या जिन्याची उंची मोजा, विद्यार्थ्याचे वजन घ्या आणि तो किती सेकंदांत वर पोहोचतो ते पाहा. वजन किलोग्रॅममध्ये × ९.८ × उंची मीटरमध्ये ÷ वेळ सेकंदांत, म्हणजे वॅटमध्ये शक्ती. ७४६ ने भागले की अश्वशक्ती. मग तोच विद्यार्थी दप्तर घेऊन, ओल्या चपलांनी आणि उपाशीपोटी चढला तर वेळ वाढेल. यांतली मागणी कोणती, पोहोच कोणती आणि निर्मिती कोणती, हे विद्यार्थ्यांनाच ओळखू द्या.